आधी रक्त, मग आतडे



शस्त्रक्रियेच्या इतिहासावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला उभा केला, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल तर त्यात वावगे काही नाही. मी वैद्यकाचा पदवीधर नाही. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु गेली तीस वर्षे कारखान्यांतून, रस्त्यांवरून आणि उसाच्या फडांतून जखमी माणसे इस्पितळात पोचविण्याचे काम माझ्या वाट्याला आले. शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार बंद झाले, की बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात एकच विचार घोळत असतो : आत काय चालले असेल? त्या विचाराच्या पाठी लागून जे वाचले, आणि भल्या डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

विषय असा. एकाच पोटात एकाच वेळी दोन संकटे शिरली, म्हणजे मोठी रक्तवाहिनी फुटली आणि आतडेही फाटले, तर शस्त्रवैद्याने आधी कशाला हात घालावा? आजचा शस्त्रवैद्य याचे उत्तर दोन शब्दांत देईल : आधी रक्त. हे दोन शब्द आज सोपे वाटतात. ते हाती यायला माणसाला फार मोठा काळ लागला, आणि ते अमलात आणायला एकट्या शस्त्रवैद्याचे हात पुरे पडत नाहीत.

आपल्या आंबेगाव तालुक्यापासूनच सुरुवात करू. महाळुंगे पडवळ येथील बाबू गेनू हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा झाला. मोटार थांबली नाही. त्याच दिवशी त्याचा अंत झाला. त्याच्या त्यागाविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे आणि ते ऐकलेच पाहिजे. मी आज त्या दिवसाच्या वैद्यकाविषयी बोलणार आहे. अंगावरून अवजड चाक गेलेला माणूस 1930 साली जगातल्या कोणत्याही उत्तम इस्पितळात नेला असता, तर तेथे त्याच्यासाठी काय होते?

योगायोग पाहा. त्याच्या आधी दोनच दिवस, 10 डिसेंबर 1930 रोजी, स्टॉकहोममध्ये मूळच्या व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरला नोबेल पारितोषिक देण्यात आले. माणसांच्या रक्ताचे वेगवेगळे गट असतात, हे त्याने 1901 साली दाखवून दिले होते. एकाचे रक्त दुसऱ्याला कधी चालते आणि कधी मारते, हे कोडे त्यामुळे सुटले. म्हणजे ज्ञान होते, त्या ज्ञानाचा सत्कारही त्याच आठवड्यात झाला होता. पण बाटलीत भरून थंड ठेवलेले, मागितल्याबरोबर मिळणारे रक्त मुंबईत नव्हते. लंडनमध्येही आयत्या वेळी दाता बोलावून आणावा लागे. ज्ञान आणि त्याची सोय यांत वर्षांचे अंतर पडते, आणि त्या अंतरात माणसे मरतात.

आता पोटाच्या आतल्या रचनेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचे कळणार नाही. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जिला महारोहिणी म्हणतात, ती पाठीच्या कण्याला चिकटून पोटातून खाली उतरते आणि जाडीला साधारण अंगठ्याएवढी असते. कालव्यातून चाऱ्या फुटाव्यात तशा तिच्यातून यकृताला, प्लीहेला, मूत्रपिंडांना आणि आतड्यांना शाखा फुटतात. आतडी एका पातळ पडद्याने मागच्या भिंतीला टांगलेली असतात आणि त्या पडद्यातूनच त्यांचे रक्त येते. चाक किंवा शिंग पोटावर आले, की हा पडदा फाटतो. मग रक्तही वाहते आणि रक्त तुटल्यामुळे आतडेही मरू लागते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि त्यातले दोन लिटर पोटाच्या पोकळीत साचले तरी बाहेरून नुसते पोट फुगल्यासारखे दिसते, एक थेंबही जमिनीवर पडत नाही. फाटलेल्या आतड्यातली घाण पोटात पसरून तिचे विष अंगात भिनायला काही तास लागतात. मोठी वाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. मिनिटांचे संकट आधी आणि तासांचे नंतर, एवढाच या नियमाचा पाया आहे.

सुश्रुतसंहितेत या दोन्ही गोष्टी आहेत. बाहेर आलेले आतडे दुधाने धुऊन, तूप लावून हळूच आत कसे सारावे, आणि चिरलेल्या आतड्याचे काठ काळ्या मुंग्यांच्या डोक्यांनी कसे जोडावे, हे तेथे लिहिले आहे. रक्त थांबविण्याचे चार उपायही आहेत. परंतु ज्याचे रक्त पोटात साचले आहे, जो पांढरा पडला आहे, ज्याचे हातपाय आणि तोंड गार झाले आहे, असा रोगी सोडून द्यावा, असेही तोच ग्रंथ सांगतो. यात निर्दयपणा नाही. आपल्या हाताची मर्यादा ओळखणाऱ्या वैद्याचा तो प्रामाणिकपणा आहे. मला तो आवडतो. आपल्याकडे सर्व काही पूर्वीच होते म्हणून छाती फुगविणाऱ्यांनी ही ओळही वाचावी.

त्यानंतर पुष्कळ शतके गेली तरी यात फारसा फरक पडला नाही. 1899 ते 1902 च्या बोअर युद्धात इंग्रज शस्त्रवैद्यांचा अनुभव असा, की पोटात गोळी लागलेल्याचे पोट उघडले तर तो मरतो आणि तसाच ठेवला तर कदाचित वाचतो. मग उघडायचेच नाही, असे ठरले. 1904 च्या रशिया-जपान युद्धात व्हेरा गेद्रॉइत्स या रशियन शस्त्रवैद्य बाईने आगगाडीतले इस्पितळ आघाडीजवळ नेले, आणि जखम ताजी असताना पोटे उघडून माणसे वाचविली. तिच्या अनुभवाकडे पश्चिमेने लगेच लक्ष दिले नाही. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या सुमारास, फ्रान्समधल्या इंग्रज शस्त्रवैद्यांना तोच धडा पुन्हा शिकावा लागला : लवकर उघडा, आतडे शिवा. तेव्हा 1930 साली फाटलेले आतडे शिवण्याची विद्या चांगली प्रगत होती. अडले होते ते रक्तापाशी.

रक्ताची सोय झाली ती निराळ्या लोकांच्या हातून झाली. सायट्रेट घातले तर रक्त बाटलीत गोठत नाही, हे पहिल्या महायुद्धाच्या आरंभी कळले होते. 1932 साली लेनिनग्राडला आणि 1937 साली शिकागोला इस्पितळातल्या रक्तपेढ्या निघाल्या. 1936 च्या अखेरीस कॅनडाचा शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून स्पेनच्या यादवीत मोटारीत रक्ताच्या बाटल्या घालून त्या माद्रिदच्या आघाडीवर पोचवू लागला. जखमी माणूस रक्ताकडे येण्याची वाट न पाहता रक्तच जखमीकडे न्यायचे, ही साधी कल्पना. पुढे तो चीनमध्ये गेला आणि तेथे 1939 च्या नोव्हेंबरात, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून वारला. त्याच्या नावाने निघालेल्या इस्पितळाचा पहिला संचालक कोण झाला? आपल्या सोलापूरचा द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली राष्ट्रसभेने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांपैकी तो एक. 9 डिसेंबर 1942 रोजी तो बत्तिसाव्या वर्षी तेथेच गेला. डोंगरांतून, रात्रीच्या वाटांनी, गोळ्या लागलेली पोटे आणि तुटलेले पाय घेऊन येणाऱ्या माणसांवर त्याने शस्त्रक्रिया केल्या. कोटणीस परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकला. ते महाविद्यालय आणि त्याचे के. ई. एम. इस्पितळ 1926 साली सुरू झाले ते गिरणगावाच्या मधोमध. तेथे हिंदी माणसेच अध्यापक नेमावीत, अशी देणगीदारांच्या विश्वस्तांची अट होती. या इस्पितळाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

रक्त आले, पण फुटलेल्या वाहिनीचे काय करायचे? फार काळ एकच उपाय होता : दोरा बांधून ती बंद करणे. हाताची किंवा पायाची वाहिनी बांधली तर फार तर अवयव जाईल. पोटातली महारोहिणी बांधून कसे चालेल? वाहिनी शिवायची विद्या कशी जन्मली, ती कथा कामगारांना आवडण्यासारखी आहे. 24 जून 1894 रोजी फ्रान्सचा अध्यक्ष सादी कार्नो याला ल्यों शहरात एका तरुणाने पोटात सुरा मारला. यकृताला जाणारी मोठी शीर कापली गेली. मोठमोठे शस्त्रवैद्य भोवती उभे असताना, ती शीर शिवता येत नाही म्हणून, काही तासांत अध्यक्ष मेला. त्या शहरात तेव्हा आलेक्सी कॅरेल हा वैद्यकाचा तरुण विद्यार्थी होता. त्याने मनाशी घेतले, की कापड शिवता येते तर शीर का शिवता येऊ नये? मग तो कोणाकडे गेला? ल्यों हे रेशीमकामाचे शहर, 1831 साली आपल्या मजुरीसाठी बंड करून उठलेल्या विणकरांचे. तेथल्या मादाम लरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईकडून तो बारीक सुई आणि रेशमी धागा चालवायला शिकला. गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन ते ताणले, की त्याचा त्रिकोण होतो आणि कडा सरळ शिवता येते, ही त्याची युक्ती 1902 साली छापून आली. 1912 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. बाईंना काय मिळाले, हे कोणी लिहून ठेवले नाही.

विद्या 1902 ची, पण रणांगणावर ती चाळीस वर्षे पोचलीच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या 2471 रोहिणी-जखमांचा हिशेब डिबेकी आणि सिमिऑन यांनी 1946 साली मांडला. त्यांतल्या अवघ्या 81 शिवल्या गेल्या होत्या, आणि ज्यांच्या रोहिणी बांधाव्या लागल्या त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचे हात किंवा पाय कापावे लागले. कारण काय? जखमी माणूस टेबलापर्यंत यायलाच दहा-बारा तास आणि त्याहूनही अधिक वेळ लागे. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टर आले, पुढच्या रांगेत इस्पितळे आली, रोहिणी शिवल्या जाऊ लागल्या आणि ते प्रमाण शंभरात तेरापर्यंत उतरले. सुई तीच, टाका तोच. बदलला होता तो रस्ता आणि वेळ.

जेथे महारोहिणीचा तुकडाच नासलेला असतो तेथे नुसते शिवून भागत नाही, नवी नळी घालावी लागते. 1951 साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबो याने मृत माणसाच्या रोहिणीचा तुकडा वापरला. पण मृतांचे तुकडे किती आणि कोठून आणणार? न्यूयॉर्कच्या व्होर्हीस याने कापडाची नळी शिवून 1952 साली ती कुत्र्यांत चालल्याचे जाहीर केले. पुढे ह्यूस्टनचा डिबेकी नायलॉन घ्यायला एका दुकानात गेला. नायलॉन संपले होते म्हणून दुकानातल्या माणसाने डेक्रॉन दिले, आणि डिबेकीने घरी बायकोच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे आपण ज्याला टेरिलीन म्हणतो तेच. हा धागा 1941 साली शोधला व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी, आणि ते नोकरीला होते मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापड छापणाऱ्या मंडळीकडे. लँकेशायरच्या कापडावर उठलेल्या त्या लाटेत आपल्या तालुक्याचा तरुण गिरणी कामगार चाकाखाली गेला, आणि अकरा वर्षांनी त्याच मुलखातून असा धागा निघाला की ज्याची नळी फुटलेल्या महारोहिणीच्या जागी बसते. इतिहासाला खंत नसते, हे मी जाणतो. तरीही हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुंबईत ही विद्या रुजली ती परळलाच. के. ई. एम. मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाच्या आणि रोहिणींच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. 1968 च्या फेब्रुवारीत भारतातले पहिले हृदयरोपण त्यांनी तेथेच केले. रोगी काही तासच जगला, आणि वर्तमानपत्रांनी तेवढेच लक्षात ठेवले. पण सेन, किनरे, परुळकर या मंडळींनी महारोहिणी आणि तिच्या शाखा सुजून अरुंद करणाऱ्या एका रोगाचा जो अभ्यास केला, तो माझ्या मते त्याहून टिकाऊ आहे. तो रोग आपल्या लोकांत, विशेषतः तरुण बायकांत, आढळतो. वर गिरण्यांचे भोंगे आणि खाली ही शस्त्रक्रियेची टेबले, असे ते परळ होते. 1982 च्या संपानंतर हळूहळू गिरण्या गेल्या, इस्पितळ राहिले.

आता मूळ गाठीकडे येतो. वाहिनीला कापडाची नळी घालता येते आणि आतडे शिवता येते, हे झाले. पण दोन्ही एकाच पोटात असतील तर? कापडाला जंतू फार प्रिय. आतड्यातली घाण नव्या नळीला लागली, तर आठवड्या-महिन्यांनी जोड कुजतो आणि वाचलेला माणूस पुन्हा रक्तस्रावाने जातो. म्हणून नियम असा बसला : आधी रक्त थांबवा. मग आतड्याची भोके तात्पुरती बंद करून घाण आवरा. वाहिनीला तुकडा लागलाच तर शक्यतो रोग्याच्याच मांडीतली शीर काढून वापरा, कापड टाळा, आणि जोडावर पोटातलीच चरबीची झालर पांघरा. फुटलेले नसून केवळ फुगलेले महारोहिणीचे दुखणे आणि दुसरीकडे सडलेले अपेंडिक्स, असा जोडरोग असेल, तर क्रम उलटतो. जे आज मारील ते आज, आणि फुग्याची पाळी घाण निवळल्यावर.

आणि एक संकट दुसऱ्याचे सोंग घेते, ते वेगळेच. आइन्स्टाइनच्या पोटात वारंवार कळा येत. 1948 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला रुडॉल्फ निसेन याने पोट उघडले, तर महारोहिणीवर फुगा. तेव्हा कापडाच्या नळ्या नव्हत्या, म्हणून त्याने फुग्याला सेलोफेन गुंडाळले. आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगला. 1955 च्या एप्रिलात तो फुगा फुटला, तेव्हा दुखणे पुन्हा पित्ताशयासारखे भासत होते. शस्त्रक्रिया नको म्हणून त्याने सांगितले आणि 18 एप्रिलला तो गेला. पोटदुखी म्हणजे पित्त, असे घरी ठरवून सोडा पिणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. साठीपुढचा, विडी ओढणारा माणूस, एकाएकी पोटात-पाठीत कळ आणि अंगाला घाम, असे दिसले तर पहाटेची वाट पाहू नये.

विसाव्या शतकाच्या शेवटी आणखी एक शहाणपण आले. पूर्वी पोट उघडले की सगळे काम एका बैठकीत पुरे करण्याचा अभिमान असे. तीन-चार तास शिवत बसावे, जोड सुरेख व्हावेत आणि रोगी टेबलावरच गार पडावा. रक्त फार गेलेला माणूस थंड होतो, त्याचे रक्त आंबते आणि मग ते गोठेनासे होते. ही तीन भुते एकमेकांना बोलावतात. 1983 साली अमेरिकेत हार्लन स्टोन याने आणि 1993 साली फिलाडेल्फियाच्या शस्त्रवैद्यांनी उलट रीत मांडली. वाहणारी वाहिनी बांधा किंवा तिच्यात तात्पुरती नळी सरकवा, फाटलेल्या आतड्याची तोंडे नुसती बंद करा, पोटात कापडाच्या घड्या दाबून ठेवा आणि रोग्याला ऊब द्यायला परत न्या. एक-दोन दिवसांनी पुन्हा उघडून नीट जोडा. भोक पडलेले जहाज समुद्रातच रंगवीत न बसता बंदरापर्यंत आणावे, असे हे नौदलाचे शास्त्र आहे. फुग्याच्या बाबतीतही, 1990 साली अर्जेंटिनाच्या पारोदी याने जांघेतून आत सरकविलेली नळी माणसात बसविली, तेव्हापासून पोट न उघडता फुग्याचा बंदोबस्त करता येऊ लागला. कापड आणि घाण यांची गाठ तितकी टळली.

हा घड्या दाबून ठेवण्याचा प्रकार मी बाकावर बसून अनुभवला आहे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली आलेला एक तरुण तोडणी कामगार होता. आतड्याचा पडदा फाटलेला, दोन ठिकाणी आतडेही फुटलेले. पहिल्या ठिकाणी अनामत रक्कम मागण्यात जवळजवळ एक तास गेला. ते कोठे, हे सांगण्यात आज अर्थ नाही. दुसरीकडे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पोट उघडे ठेवले आहे, परवा शिवू." त्याचा बाप माझ्याकडे पाहू लागला. पोट उघडे ठेवणे हा उपचार आहे, हे त्याला कसे सांगावे? मी जहाजाची गोष्ट सांगितली नाही. "पाभरीचा दांडा मोडला तर आधी बैल सोडतात, मग दांडा पाहतात," असे म्हणालो. त्याला ते पटले. मुलगा वाचला.

आपल्या पारगावच्या हद्दीत साखर कारखाना आहे, भोवती ऊस आहे, हंगामात रात्रंदिवस रस्त्यावर ट्रॅक्टर आहेत, शर्यतीच्या घाटात बैलांची शिंगे आहेत. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथून पुढे मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुणे गाठायचे, म्हणजे मंचरपासून साठेक किलोमीटर. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आली, ही मोठीच गोष्ट झाली. पण कोरियाचा हिशेब आठवा. कामगार भरपाईचा कायदा 1923 चा. तो माणूस मेल्यावर किंवा हात तुटल्यावर पैसे देई. माणूस वाचविण्यासाठी इस्पितळ उभे करणारा राज्य विमा कायदा 1948 साली आला, आणि त्याने हंगामी कारखाने वगळले. त्या हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर होती, गूळसुद्धा होता. ज्या धंद्यात चाके सर्वांत अवजड आणि रात्री सर्वांत लांब, तोच धंदा बाहेर. कारखान्यातल्या माणसाला निदान संघटना आहे. बीड-नगरकडून येणाऱ्या तोडणीवाल्याला मुकादमाशिवाय कोणी नाही.

रक्ताच्या बाबतीत मात्र आम्ही वाट पाहिली नाही. पूर्वी उपाशी माणसे पैशासाठी रक्त विकत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निर्णयाने तो धंदा 1998 पासून बंद झाला, आणि मग नातेवाईक आणा, बदली रक्त द्या, असे सुरू झाले. परजिल्ह्यातून आलेल्या मजुराने रात्री दोन वाजता नातेवाईक कोठून आणायचे? म्हणून आम्ही पाळीनिहाय एक वही केली आहे. नाव, रक्तगट, दूरध्वनी, शेवटचे रक्त कधी दिले ती तारीख. तोडणीवाल्यांचीही नावे तीत आहेत, बायकांचीही. हंगाम संपला की त्यांच्या पानावर गावाचे नाव लिहितो, आणि दिवाळीनंतर फड सुरू झाले की पाने पुन्हा उलटतो.